बंदुकीचा दस्ता आणि माझी सही

कोकणातल्या बागायतदाराच्या घरी बंदूक असते याचं घाटावरच्या लोकांना अजूनही नवल वाटतं. "तुमच्याकडे शिकारीचा शौक आहे का?" असं मला एका लग्नात एका भगिनीने विचारलं होतं. शौक कसला? शेतीसंरक्षणासाठी दिलेला परवाना असतो. घरात एकनळी बारा बोअर असते, नाहीतर त्याहून जुनी ठासणीची. हवेत बार काढून वानरं-माकडं पळवणं हेच तिचं आयुष्यभराचं काम. रानडुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी लागते. लोक सरसकट 'रायफल' म्हणतात, पण रायफलीच्या नळीला आतून पिळाचे खाचे असतात आणि तिच्यातून एका वेळी एकच गोळी जाते. आमच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि काडतुसात छर्रे. मागचं लाकूड, म्हणजे दस्ता, मात्र दोन्हींना लागतोच आणि त्याची निगाही सारखीच.

या लाकडाचा प्रश्न आमच्या घरात आला तो निवडणुकीमुळे. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ साली हे दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे आंबा धरायच्या दिवसांत. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला आणि तोवर पाऊस दाराशी आला होता. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं. निवडणुकीत हत्यारं बाहेर नकोत हे कुणीही मान्य करील. पण वानरांना आचारसंहिता लागू होत नाही, एवढंच बागायतदाराचं म्हणणं असतं.

नोव्हेंबरअखेर बंदूक दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा दस्त्याची दशा बघवत नव्हती. पावसाळी हवा, बंद खोली, एकीला एक टेकून उभ्या केलेल्या बंदुका. सांभाळणारा हवालदार तरी काय करणार? वार्निश फुगून पापुद्रे सुटले होते, खाचांत पांढरी बुरशी होती. नंबराचा कागद चिकटपट्टीने लावला होता, तो काढताना बोटभर वार्निश उपटून आलं होतं. अब्बांनी बंदूक मांडीवर घेतली, अंगठा फिरवला आणि काही न बोलता आत ठेवली.

अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. शस्त्रांच्या २०१६ च्या नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल, किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाला त्या बंदुकीचा परवाना मागता येतो. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी कुवेतहून कायमचा परत आला आणि बाग बघू लागला. परवाना त्याच्या नावावर करायचं ठरलं. अर्जाला बाकीच्या वारसांचं संमतीपत्र जोडायचं होतं. मोठा भाऊ अजून तिकडेच आहे, त्याने आठवड्याच्या आत पाठवून दिलं. मी दिलं नाही.

धाकट्याला दोन मुलं, एक सात वर्षांचा आणि एक चार. मी रोज शाळेत या वयाच्या मुलांमध्ये असते. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली वस्तू मूल किती मिनिटांत गाठतं हे मला कुणी सांगायला नको. माझं मत स्पष्ट होतं : अब्बांच्या हयातीतच बंदूक सरकारजमा करावी, बागेला जाळी आणि राखणदार बघावा. भाऊ चिडला. "आपा, राखणदाराचा पगार आंब्यातून निघतो का ते एकदा हिशोबाने दाखव," म्हणाला. ते मला दाखवता आलं नाही. अब्बांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "सहीचं मागाहून बघू. आधी हा दस्ता साफ करू या. चार रविवार येशील?"

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी खळ्यात चटई पडली. पहिलं काम अब्बांनी स्वतः केलं. बंदूक मोडून उघडली, नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली, मग मला आणि भावाला बघायला लावली. नळी वेगळी करून आत कुलपात गेली आणि मगच दस्ता चटईवर आला. परवाना नसलेल्या माणसाने दुरुस्तीसाठी बंदूक नेतानासुद्धा परवानाधारक समोर हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी, असं कायदा सांगतो. म्हणून अब्बा चारही रविवार खुर्ची टाकून तिथेच बसले. घोडा, चाप, कमानी यांना आम्ही हात लावला नाही. ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. आमच्याकडे फक्त लाकूड.

दस्ता सोडवणं हाच अर्धा रविवार. आमच्या बंदुकीत मागच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले की आत खोलवर एक लांब बोल्ट असतो. स्क्रू गंजलेले. भाऊ जोर लावायला निघाला, तर अब्बांनी हात धरला. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस नसेल तर खाच कायमची बिघडते. रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी स्क्रू सहज फिरले.

वार्निश पॉलिश पेपरने घासून काढायचं असं माझ्या डोक्यात होतं. शेजारचे हवालदार काका गडग्यावरून डोकावत होते, ते हसले. त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं थ्री-नॉट-थ्री रायफलीबरोबर गेली. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ती रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर किती वर्षं होती ते वाचकांना ठाऊक आहेच. काका म्हणाले, त्या लाकडाला वार्निश म्हणून कधी लावायचे नाहीत, जवसाचं तेल चोळायचे. वार्निश लाकडाच्या वर बसतं. त्याला एक ओरखडा गेला की तिथून ओल आत शिरते, बाहेर यायला वाट मिळत नाही, मग पापुद्रा सुटत जातो. आमच्या दस्त्याचं हेच झालं होतं. तेल लाकडात मुरतं. ते ओल पूर्ण अडवतं असं नाही, पण ओरखडा आला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेलाचा हात फिरवता येतो, सगळं खरवडावं लागत नाही.

तर वार्निश काढायचं काचेने. जुन्या खिडकीच्या तावदानाचा तुकडा, हातात जाड मोजे. काच थोडी तिरपी धरून रेषेच्या दिशेने ओढायची. वार्निशची भुकटी होत नाही, कांद्याच्या सालीसारख्या पातळ सळ्या निघतात. धार गेली की नवा तुकडा. पॉलिश पेपरात वार्निश भरून बसतं आणि जोर लावलेल्या जागी लाकडाचा उठाव झिजतो. जिथे लाकूड लोखंडाला भिडतं तिथे तर पेपर लावायचाच नाही. लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असलं पाहिजे, एकदा खाली गेलं की ती फट भरून येत नाही. अब्बांचा हात थरथरतो म्हणून मी काच त्यांच्या हातात देत नव्हते. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी ती माझ्याकडून घेतली, कोपर मांडीला टेकवलं आणि मनगटाऐवजी खांद्याने ओढायला लागले. थरथर होती, पण काचेपर्यंत पोचत नव्हती. मुठीच्या निमुळत्या भागावरचं सगळं वार्निश त्यांनीच काढलं.

खालून लाकूड निघालं ते गडद तपकिरी, मधून काळसर रेघा. अब्बा म्हणतात अक्रोड. बंदुकीसाठी जगभर अक्रोडालाच पहिली पसंती असते : वजनाला बेताचं, झटका सोसणारं, सुकल्यावर वाकडंतिकडं न होणारं.

लोखंडाजवळचा भाग मात्र काळा पडला होता, नखाने दाबला तर मऊ लागत होता. बंदूक नळी वर करून उभी ठेवायची आपली सवय. वर घातलेलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि दस्त्याच्या तोंडाशी लाकूड कुजवल्यासारखं मऊ करतं. तेल दिल्यावर निदान काही दिवस नळी खाली करून ठेवावी. यावर उपाय माझ्याच धंद्यातला निघाला : खडू. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून जाड लेप द्यायचा, वाळू द्यायचा, झटकायचा. वाळताना पूड आतलं तेल ओढून घेते आणि पिवळी पडते. पाच लेप द्यावे लागले. पाचवा जवळजवळ पांढरा राहिला. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम उघड्यावर, चुलीपासून लांब.

तिसऱ्या रविवारी पोचे काढायला घेतले. हे काम मला फार आवडलं. आठवीच्या वर्गात करून दाखवावं असं आहे. लाकूड दबलं म्हणजे त्याचे तंतू चेपले जातात, तुटत नाहीत. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते, तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या खुणा मी जन्मभर बघत आले होते त्या डोळ्यांदेखत नाहीशा होत होत्या. जिथे तंतू कापले गेले आहेत तिथे मात्र वाफेचा उपयोग नाही.

डाव्या बाजूला, मुठीच्या वर, एक मोठा खड्डा होता, अंगठ्याचं पेर मावेल एवढा. मी फडकं भिजवून त्यावर ठेवलं आणि अब्बा म्हणाले, "तो राहू दे."

मला वाटलं दादांची काही आठवण असेल. मरहूम दादांनी घेतलेली बंदूक, असेल काही. अब्बा जरा वेळ गप्प बसले. मग सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाऊही.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. बागेतून मगरिबच्या वेळी परतले. अजान झालेली, घाई होती. काडतूस न काढता बंदूक पडवीच्या भिंतीला टेकवली आणि विहिरीवर वुजू करायला गेले. सुटलेली शेळी पडवीत चढली, तिचा धक्का लागला. बंदूक आडवी पडली, घोडा उंबऱ्याच्या दगडावर आपटला आणि बार उडाला. जुन्या घोड्याच्या बंदुकीत हा धोका असतोच : घोडा खाली असला तरी त्याचं टोक काडतुसाजवळच असतं, वरून ठोका बसला की चाप ओढायची गरज उरत नाही. छर्रे वरच्या कौलांत गेले. कौलाखाली वाशाला पाळणा टांगलेला होता आणि पाळण्यात मोठा भाऊ, सहा महिन्यांचा. त्याच्या अंगावर कौलाची माती पडली, एवढंच. अलहम्दुलिल्लाह.

"दगडाने हा खड्डा पाडला," अब्बा म्हणाले. "बाकी सगळं गुळगुळीत कर. हा ठेव."

अम्मी दारात उभी होती. तिला अर्थातच माहीत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दोघांनी हे कुणाजवळ काढलं नव्हतं. मोठ्या भावाला मी अजून कळवलेलं नाही. त्याच्या घरी हा अंक जातो, तेव्हा बहुधा इथेच वाचेल.

गडग्याच्या आत भरलेली बंदूक येता कामा नये, हा आमच्या घरचा नियम मी लहानपणापासून ऐकत आले. अब्बा गडग्याबाहेर फणसाखाली उभे राहून काडतूस काढायचे, नळीतून आभाळ बघायचे आणि मगच आत यायचे. भर पावसातसुद्धा. आम्ही मुलं त्याला त्यांची सवय समजायचो. गंमत म्हणूनसुद्धा हत्यार कुणाकडे रोखू नये अशी हदीसमध्ये सक्त मनाई आहे. मशिदीतून, बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोकं हातात धरावीत असाही हुकूम आहे. मी हे वर्गात शिकवलेलं आहे. त्या दिवशी अब्बांच्या तोंडून काही हदीस निघाली नाही. ते खड्ड्यावरून अंगठा फिरवत राहिले आणि भाऊ बघत राहिला.

मला तेव्हा आधी रागच आला, हे लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं का सांगितलं नाही? हे ऐकल्यावर तर बंदूक घरात नकोच, असं माझं मत उलट पक्कं झालं. संध्याकाळी परत जाताना मी भावाला तसं म्हटलंही. त्याने उत्तर दिलं नाही.

चौथ्या रविवारी गेले तर त्याने तीन गोष्टी करून ठेवल्या होत्या, मला न विचारता. अब्बांच्या खोलीत लोखंडी कपाट भिंतीत बोल्टने पक्कं बसवलं होतं. काडतुसांची पेटी वेगळी, दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपाची. आणि मोठ्या मुलाला त्याने अब्बांसमोर बसवून रिकामी बंदूक दाखवली होती. या शेवटच्या गोष्टीवर आमचा पुन्हा वाद झाला. मुलाला हत्यार दाखवायचं कशाला? भाऊ म्हणाला, "आपा, लपवलेली वस्तू पोरं शोधतात हे तूच सांगतेस ना?" सांगते खरी. पोराला मी विचारलं, असं काही कुठे पडलेलं दिसलं तर काय करशील? "हात नाही लावायचा. तिथून निघायचं, मोठ्यांना बोलवायचं." चार वर्षांच्याला यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी कुलूप हाच इलाज आणि कुलपाची किल्ली अब्बांच्या कमरेला.

त्या दिवशी तेल द्यायचं होतं. त्याआधी लाकूड ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने अलगद काढले, पुन्हा ओलं, पुन्हा तेच. असं केलं नाही तर पहिल्या पावसातच लाकूड खरखरीत होतं.

खायचं जवसाचं तेल सुकायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात जवसाचंच शिजवलेलं तेल मिळतं, रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते खायच्या तेलाजवळ कधी ठेवू नये आणि घरी तेल उकळून असलं काही बनवायच्या भानगडीत पडू नये. थोडं तेल तळहातावर घ्यायचं आणि हात गरम होईपर्यंत चोळायचं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून टाकायचं. पुसलं नाही तर चिकट साय धरते आणि मग ती काही सुकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ हात. पहिला आठवडा रोज, पुढे आठवड्यातून एकदा. हे सगळं कोरड्या हवेत. कोकणात जूनमध्ये हे काम काढाल तर दिवाळीपर्यंत बोटं चिकटतील. आमचं लाकूड तिसऱ्या हाताला बोलायला लागलं. काळ्या रेघा आतून वर आल्यासारख्या दिसत होत्या. खड्ड्यात तेल जास्त मुरलं, त्यामुळे तो भोवतालापेक्षा गडद दिसतो.

एक धोका मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा, बंदूक असो की दरवाजा. भावाने तेलाची फडकी गोळा करून लाकडाच्या माचावर टाकली होती. हवालदार काकांनी धावत येऊन ती उचलली. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, चुरगळलेल्या बोळ्यात साठत जाते आणि ठिणगी नसताना फडकं आपोआप पेटू शकतं. वापरलेली फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

संमतीपत्रावर मी जानेवारीत सही केली. बंदुकीबद्दल माझं मत बदलेलं नाही, ती नसती तर मला बरं वाटलं असतं. सही केली ती कपाट, वेगळी पेटी आणि गडग्याचा नियम भावाने स्वतःहून आपलासा केला म्हणून. वर माझीही एक अट घातली : दर ईदला मी कुलपं बघणार, आणि धाकट्याचा ढिलेपणा दिसला त्या दिवशी बंदूक जमा करायचा अर्ज मी लिहिणार. भावाने मान डोलावली. अब्बा म्हणाले, "अर्ज मराठीत लिही, लवकर वाचतील."

प्रकरण आता कार्यालयात आहे. परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते भावाचं व्हायचं आहे. तोवर बंदूक अब्बांच्याच नावावर. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे घाई नाही.

बेलतेलाचा अर्धा डबा उरला होता. अम्मीने तिची जुनी सागवानी रेहल आणून पुढ्यात ठेवली. तिलाही कुणीतरी मागे वार्निश फासलं होतं, हाताच्या उबेने ते चिकट झालं होतं. फळीवरचं काचेने निघालं. नक्षीत काच जात नाही, तिथे स्पिरिट आणि जुना टूथब्रश वापरला. घडीच्या खाचेत तेल अगदी नावापुरतं लावलं, जास्त झालं तर दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटून बसतात. दहा दिवस उघडी ठेवून वाळवली. आता कापड न घालता कुरआन शरीफ ठेवलं तरी जिल्दीला डाग पडत नाही. अम्मी मात्र कापड घालतेच.